प्रकृती आणि मन : विनोबांच्या चरित्रातून

यंदाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र मी लिहावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठमोठ्या ग्रंथांचा मला अभ्यास नाही. तरीही आचार्य विनोबा भावे यांच्याविषयी लिहिण्याचे धाडस मी करीत आहे. भूदान, पदयात्रा आणि गीताई यांमुळे विनोबांचे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांच्या चरित्राचा एक भाग सभा-समारंभांतून फारसा सांगितला जात नाही. तो म्हणजे त्यांचे आजारपण. विनोबांची प्रकृती जन्मभर नाजूक होती. तशा प्रकृतीनिशी ते सत्याऐंशी वर्षे जगले आणि त्यांतील तेरा वर्षे सारा देश पायी हिंडले. हे त्यांना कसे साधले, ते पाहणे आपल्या उपयोगाचे आहे असे मला वाटते.

कारण आपल्यापैकी किती जणी दुखणे अंगावर काढतात, हे आपले आपल्याला माहीत आहे. बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बायांची कंबर, पाणी भरून भरून झिजलेले गुडघे, वर्षानुवर्षे न सोडणारे पित्त, महिन्यातून दोनदा उठणारी अर्धशिशी, संधिवाताने वाकलेली बोटे. यांना कोणी मोठा आजार म्हणत नाही, परंतु ती सुखाने जगूही देत नाहीत. अशा दुखण्याबरोबर दिवस कसे काढावेत, हा प्रश्न विनोबांपुढेही होता.

विनोबांचे मूळ नाव विनायक नरहर भावे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या लहानशा खेड्यात झाला. आजोबा शंभुराव मोठे व्रतस्थ होते. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास राहत. आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण विनोबांच्या मनाची घडण त्यांनीच केली.

या माउलीची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. देवाला तांदळाचे एक लाख दाणे वाहण्याचे व्रत त्यांनी घेतले होते. रोज पूजेच्या वेळी त्या एक एक दाणा मोजून वाहत. नरहरपंतांनी ते पाहिले आणि हिशेबाची युक्ती सुचविली. एक तोळा तांदूळ मोजावेत, त्यात किती दाणे भरतात ते पाहावे आणि मग लाखाचे वजन करून, चुकभूल म्हणून थोडे जास्त घालून, एकदम वाहून टाकावे. माउलीने मुलाला विचारले. लहानग्या विन्याने सांगितले की, हा गणिताचा प्रश्नच नव्हे. एक दाणा उचलताना एकदा देवाचे स्मरण होते. वजन केले तर तांदूळ तेवढे पोहोचतील, स्मरण मात्र होणार नाही. आईला ते पटले.

आपले तुमसर तांदळाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. पोत्यांनी आणि खंडीने तांदूळ मोजणारे आपण लोक. एक एक दाणा मोजणारी ती बाई आपल्याला भोळी वाटेल. पण हात जे करतो आहे तेथेच मनही असावे, ही विनोबांच्या पुढील साऱ्या आयुष्याची शिकवण त्या देवघरात सुरू झाली.

बालपणी विनोबा अंगाने किडकिडीत होते. चालण्याचा छंद मात्र फार. बडोद्याच्या कडक उन्हात ते अनवाणी मैलोन्‌मैल भटकत. त्याचा त्यांच्या डोळ्यांवर परिणाम झाला आणि दृष्टी कायमची अधू झाली. शरीराला न विचारता त्याच्याकडून काम घेतले म्हणजे ते कधीतरी हिशेब मागते, हे त्यांना तेव्हाच कळले असावे.

२५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस म्हणून निघालेले विनोबा वाटेत सुरतेस उतरले आणि काशीला गेले. तेथून ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादजवळ कोचरबच्या आश्रमात महात्मा गांधींकडे दाखल झाले. आश्रमातील कष्ट मोठे आणि शरीर लहान. प्रकृती ढासळली, तेव्हा १९१७ साली त्यांनी बापूंची एक वर्षाची रजा घेतली. ती वर्षाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी उपनिषदे, गीता, ब्रह्मसूत्रे आणि पातंजल योगसूत्रांचा अभ्यास केला. त्याच वर्षी प्रकृती सुधारण्यासाठी आधी ते रोज दहा-बारा मैल चालू लागले, नंतर जात्यावर सहा ते आठ शेर दळण दळू लागले आणि त्यानंतर रोज तीनशे सूर्यनमस्कारांपर्यंत त्यांची मजल गेली. सुमारे चारशे मैलांचा पायी प्रवासही त्यांनी केला. वर्ष संपले त्याच दिवशी ते आश्रमात हजर झाले.

भगिनींनो, यात दळणाचा उल्लेख आला हे ध्यानात घ्या. आपल्या आज्या-पणज्यांनी जे काम पहाटे ओव्या गात केले, तेच या विद्वान ब्रह्मचाऱ्याने औषध म्हणून घेतले. जात्यावर हात फिरतो, श्वास त्याच्या तालावर चालतो आणि मुखात देवाचे नाव असते. शरीर आणि मन एका खुंट्याभोवती फिरण्याचे याहून सोपे उदाहरण कोणते? अर्थात दळणाने बाया थकतही होत्या, हे मी विसरले नाही. दळण स्वखुशीचे आणि बेताचे असेल तर ते व्यायाम आहे. पाच माणसांचे दळण आजारी बाईच्या गळ्यात पडले तर ते ओझे आहे.

८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्यास आले. जमनालालजी बजाज यांच्या आग्रहामुळे तेथे आश्रमाची शाखा निघाली आणि आपला विदर्भ त्यांची कर्मभूमी झाला. आईला समजेल अशा सोप्या मराठीत गीता असावी, ही त्यांची जुनी तळमळ. आई १९१८ सालीच निवर्तल्या होत्या, तरी १९३०-३१ मध्ये त्यांनी गीताई रचून ते ऋण फेडले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यानंतर ते वर्ध्याजवळ नालवाडी येथे राहिले. दिवसाचे आठ-आठ तास सूत कातायचे आणि त्या मजुरीत जेवढे मिळेल तेवढ्यातच पोट भरायचे, असा कडक प्रयोग त्यांनी तेथे केला.

याचा परिणाम व्हायचा तो झाला. १९३८ साली त्यांचे वजन अठ्ठ्याऐंशी पौंडांवर म्हणजे सुमारे चाळीस किलोंवर आले. वय बेचाळीस वर्षांचे. बापूंच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी विनोबांना बोलावून घेतले आणि आपल्यापाशी राहावे, आपण सेवा करू, असे सांगितले. विनोबांनी हसत उत्तर दिले की, बापूंच्या मागे पन्नास कामे. त्यांतले एक रोग्यांची सेवा, आणि रोगीही कितीतरी, त्यांतला मी एक. माझ्या वाट्याला काय येणार? बापूही हसले. मग डॉक्टरांकडे जावे, निदान थंड हवेच्या ठिकाणी तरी जावे, असा आग्रह झाला. तेव्हा विनोबांनी जागा निवडली ती पवनारची. आपल्या जिल्ह्यातील पवनी नव्हे, वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यावर लागणारे, धाम नदीकाठचे पवनार. तेथे टेकाडावर जमनालालजींचा एक बंगला होता.

७ मार्च १९३८ रोजी त्यांना मोटारीतून पवनारला नेण्यात आले. चालण्याचे त्राण नव्हते. मोटार धाम नदीच्या पुलावर आली, तेव्हा त्यांनी मनाशी एक संकल्प केला आणि तो तीनदा उच्चारला. आजवरची सारी कामे, संस्था, चिंता आणि विचार यांचा मी संन्यास घेतला, असा त्याचा आशय होता. मोटार पूल ओलांडून गेली तेव्हा माणूस तोच होता, पण मनावरचे ओझे अलीकडच्या काठावर राहिले होते.

पवनारला पोहोचल्यावर त्यांनी दिवसाचा काही वेळ मन अगदी रिकामे ठेवण्यास सुरुवात केली. आश्रमाचे काय चालले असेल, खादीचे काय होईल, याचा विचारच करायचा नाही. जोडीला त्यांनी कुदळ हाती घेतली आणि आवारातील जमीन खणू लागले. चाळीस किलो वजनाच्या माणसाने पहिल्या दिवशी किती खणले असेल? फक्त पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशी त्यात दोन मिनिटे वाढविली. असे वाढवीत वाढवीत ते दोन तासांपर्यंत गेले. खणतानाही ते सपाटा लावीत नसत, मधून मधून थांबत, दम घेत आणि पुन्हा कुदळ उचलीत. दहा महिन्यांत त्यांचे वजन चाळीस पौंडांनी वाढून एकशे अठ्ठावीस पौंडांवर म्हणजे सुमारे अठ्ठावन्न किलोंवर गेले. या खोदकामातच त्यांना भरत-रामाच्या भेटीचे जुने शिल्प सापडले. ते आजही पवनारच्या आश्रमात पूजेत आहे.

या प्रसंगातून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट म्हणजे, विनोबांनी काम टाकले नाही, कामाची चिंता टाकली. उलट पलंगावर पडून राहण्याऐवजी रोज थोडे थोडे काम त्यांनी वाढविले. दुसरी गोष्ट म्हणजे मापाची. बरे वाटले म्हणून एका दिवसात अर्धा वाफा खणला आणि दुसऱ्या दिवशी अंथरूण धरले, असे त्यांनी होऊ दिले नाही. जुनाट दुखण्यावर उपचार करणारे आजचे डॉक्टर आणि फिजिओथेरपीवाले हेच सांगतात. दुखते म्हणून हालचाल अगदी बंद केली तर सांधे आणि स्नायू आणखी आखडतात. बरे वाटते त्या दिवशी साऱ्या घराची आवराआवर केली तर पुढचे दोन दिवस वाया जातात. म्हणून बेताने करावे, थकण्यापूर्वी थांबावे आणि हळूहळू वाढवावे. तसेच फार दिवसांचे दुखणे नुसत्या हाडामांसात राहत नाही. शरीरातील नसा आणि मेंदू त्या वेदनेला सरावतात आणि मूळ दुखापत भरून आल्यावरही थोड्याशा कारणाने कळ उठते. चिंता आणि अपुरी झोप यांनी ती वाढते, स्वस्थ मनाने कमी होते. म्हणजे दुखणे मनाचे खेळ आहे असे मुळीच नव्हे. दुखणे खरेच असते, पण त्याची एक दोरी मनाच्या हाती असते.

बैलजोडीतील एक बैल पुढे ओढू लागला आणि दुसरा मागे राहिला, तर गाडी वाकडी जाते आणि दोघांच्याही मानेला घट्टे पडतात. शरीर आणि मन यांचे तसेच आहे. मन म्हणते आज सारे उरकू, शरीर म्हणते मला जमत नाही. त्या ओढाताणीत दुखणे दुप्पट होते.

येथे कोणी म्हणेल की, विनोबांना संसार नव्हता. त्यांनी चिंता सोडली, त्यांना ते शोभले. आपण बायांनी पुलावर उभे राहून संन्यास घेतला तर संध्याकाळची चूल कोण पेटविणार? हा आक्षेप खरा आहे आणि मला तो टाळावयाचा नाही. परंतु विनोबांचे मन हलके झाले ते त्यांच्या एकट्याच्या निश्चयाने नव्हे. जमनालालजींनी घर दिले. आश्रमाची कामे सहकाऱ्यांनी आपल्या खांद्यावर घेतली. बापूंनी स्वतः चौकशी केली. आजारी माणसाला चिंता टाकता यावी, म्हणून कोणीतरी ती उचलावी लागते. आपल्या घरांत पुरुष आजारी पडला म्हणजे सारे घर पाय न वाजविता चालते आणि बाई आजारी पडली म्हणजे तिने पोळ्या लाटून मग निजावे, अशी रीत आहे. ही रीत मोडली पाहिजे. शेजारणीच्या घरी दोन दिवस भाजी पोहोचविणे, तिच्या मुलांची वेणीफणी करणे, तिला दवाखान्यात सोबत करणे, ही कामे मंडळाची नाहीत तर कोणाची?

माझ्याविषयी थोडे सांगते. माझी कंबर गेली बारा वर्षे दुखते. औषधे चालू आहेत, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायामही चालू आहे. विनोबांची पाच मिनिटांची गोष्ट वाचल्यापासून घर झाडताना मी एक खोली झाली की बसते, मग दुसरीला हात लावते. रात्री भांडी झाल्यावर उद्याच्या चिंता उद्यावर ठेवून दहा मिनिटे नुसता श्वास पाहत बसते. दुखणे गेले, असे मी म्हणणार नाही. पण ते आता माझ्या पाठीवर बसलेले नाही, माझ्या शेजारी बसले आहे. झोपही लागते.

आता पुन्हा विनोबांकडे वळू. १९४० साली बापूंनी त्यांना वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून निवडले. १९४२ च्या लढ्यात त्यांना वेल्लोर आणि सिवनी येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. सिवनी आपल्याहून फार लांब नाही. त्या सिवनीच्या तुरुंगात १९४४ साली त्यांनी स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर व्याख्याने दिली. सुखदुःखाने न हलणारे मन कसे असते, हे बंदिवासात बसून त्यांनी सांगितले.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी त्यांना पहिले शंभर एकरांचे भूदान मिळाले आणि त्यांची पदयात्रा सुरू झाली. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते. पोटात जुना व्रण होता, हिवतापाचा त्रास होता. जड अन्न सोसत नसे. दूध, दही आणि मध अशा मोजक्या आहारावर ते राहत आणि तोही मोजून-मापून घेत. रात्री लवकर निजत, पहाटे तीनच्या सुमारास उठत आणि प्रार्थना करून रोज दहा-बारा मैल चालत. १९६४ च्या एप्रिलमध्ये ते पवनारला परत आले, तोवर चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात मिळालेली होती. त्यांतील सारी जमीन प्रत्यक्ष वाटली गेली नाही, हेही खरे. पण दुखणाईत पोटाच्या माणसाने तेरा वर्षे चालावे, ही गोष्ट लहान नव्हे. ठरलेली वेळ, बेताचा आहार, पुरेशी झोप आणि चालताना निश्चिंत मन, हेच त्यांचे बळ होते.

मात्र याचा उलटा अर्थ कोणी घेऊ नये, म्हणून १९५२ सालची एक हकीकत सांगणे जरूर आहे. त्या डिसेंबरात, तेव्हा बिहारात असलेल्या चांडील गावी विनोबांना अति कडक हिवताप आला. सारे देवावर सोपवून त्यांनी औषध नाकारले. ताप वाढला, जिवावर बेतले. देशभर काळजी पसरली. बिहारचे मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिंह यांनी आणि इतरांनी विनवण्या केल्या. शेवटी विनोबांनी आपला हट्ट सोडला, औषध घेतले आणि ते बरे झाले. पुढे मार्च १९५३ मध्ये त्याच चांडीलला सर्वोदय संमेलन भरले. मन कितीही मोठे असले तरी हिवतापाच्या जंतूंना औषधच लागते. ध्यान, प्राणायाम आणि नामस्मरण ही औषधाची सोबत आहे, औषधाची सवत नव्हे. शुगर, रक्तदाब, थायरॉईड यांच्या गोळ्या कोणी आपल्या मनाने बंद करू नयेत. अंगात गाठ लागली, वजन उतरू लागले, अंगावरून जास्त जाऊ लागले, तर ते मनाने बरे करीत न बसता ताबडतोब डॉक्टर गाठावा.

विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा हे क्षयाने आजारी होते. बापूंनी १९४६ साली पुण्याजवळ उरुळीकांचन येथे निसर्गोपचार आश्रम काढला आणि बाळकोबांनी पुढे तेथे रोग्यांच्या सेवेला वाहून घेतले. स्वतः दुखणे भोगलेला माणूस दुसऱ्याच्या दुखण्याला किती उपयोगी पडतो, हे त्यावरून दिसते.

२५ मार्च १९५९ रोजी विनोबांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली, ती खास भगिनींच्या सामूहिक साधनेसाठी. शेतीपासून छापखान्यापर्यंतची कामे भगिनींनी तेथे आपल्या हातांनी चालविली. शरीरश्रम आणि चिंतन यांची फारकत होऊ नये, हाच त्यामागील विचार. १९६५ नंतर प्रकृतीला पायी चालणे झेपेना, तेव्हा बिहारच्या तुफान यात्रेत विनोबांनी वाहनाचा उपयोग केला. शरीराचा निरोप ऐकणे म्हणजे हार नव्हे, हे त्यांनी आचरणातून दाखविले. १९७० साली त्यांनी क्षेत्रसंन्यास घेऊन पवनारलाच राहण्याचे ठरविले आणि २५ डिसेंबर १९७४ पासून एक वर्ष मौन पाळले.

नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांचे उपचार झाले. नंतर आपला काळ पूर्ण झाला असे जाणून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध थांबविले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, शांतपणे देह ठेवला. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. तो शेवटचा निर्णय सत्याऐंशी वर्षांच्या विरक्त पुरुषाचा होता. आपण संसारी माणसांनी त्यांच्या अंतातून नव्हे, तर १९३८ च्या त्या दहा महिन्यांतून शिकावे.

तुमसर रोडहून गाडीत बसले की नागपूर आणि पुढे वर्धा. तेथून पवनार चार-पाच मैल. आपल्या मंडळाने एक सहल तिकडे काढावी, अशी माझी सूचना आहे. तोपर्यंत एक लहानसा नेम करता येईल. दर बैठकीच्या आरंभी पाच मिनिटे सर्वजणींनी स्वस्थ बसावे, आणि नंतर ज्या भगिनीला दुखणे आहे तिने ते संकोच न धरता सांगावे. ऐकणाऱ्यांनी उपायांचा भडिमार न करता, तिच्या घरचे कोणते काम आपण उचलू शकतो एवढेच विचारावे. पाच मिनिटांनी सुरुवात करू आणि झेपेल तसतशी दोन दोन मिनिटे वाढवू.